सव्वीस आणि चोवीस

नमस्कार. कोकण किनाऱ्यावरच्या शाळांतल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, आज कृतिसंशोधनाविषयी बोलू, म्हणजे आपल्याच वर्गातली एखादी अडचण हेरून, तिच्यावर उपाय करून, तो लागू पडला का ते तपासण्याविषयी. शब्द जड वाटतो, पण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ सालीच आग्रह धरला होता, की शाळेतलं संशोधन खुद्द शिक्षकांनी करावं. दोनशिक्षकी शाळेतही ते जमतं.

बहुतेकांची गाडी अडते ती विषय निवडताना. ‘मुलांचं गणित कच्चं आहे’ हा विषय होत नाही, तो हाती लागतच नाही. ‘चौथीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी चुकते’ इथपर्यंत खाली या. मग दहा उदाहरणं द्या आणि गुण न मोजता चुका वाचा. ५२ वजा ३८ चं उत्तर कुणी २६ लिहितं, कुणी २४. सव्वीसवाल्याने आठातून दोन वजा केले. हातचा घ्यायचा असतो हेच त्याला उमगलेलं नाही. चोवीसवाल्याने हातचा घेतला, पण पाचाचे चार करायला विसरला. दोघांनाही चूकच मिळते, दुखणं मात्र वेगळं. म्हणून प्रत्येकाला जवळ बसवून विचारा, “कसं केलंस ते सांग बघू.” खरी माहिती इथेच मिळते.

उपाय एकच निवडा. दोन एकदम केले तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. सव्वीसवाल्यांसाठी माडाचे हीर सारख्या लांबीचे तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधा. पाच जुड्या, दोन सुटे. त्यातून अडतीस काढायचे तर एक जुडी सोडावीच लागते. रोज वीस मिनिटं, तीन आठवडे पुरे. हजेरी मात्र रोज टिपा. लावणीच्या दिवसांत किंवा वहाळाला पाणी आलं की मुलं घरी राहतात, आणि पाच दिवसच आलेल्या मुलाचा निकाल पंधरा दिवस आलेल्यात मिसळला तर निष्कर्ष फसतो.

शेवटची चाचणी त्याच प्रकारची, पण आकडे बदलून. तीच पत्रिका दिलीत तर पाठांतर मोजाल. गणपतीच्या सुट्टीनंतर आणखी एकदा घ्या, टिकलं किती ते तेव्हा दिसेल.

अहवाल दोन पानांचा चालेल. केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना त्यासोबत चुकलेल्या उत्तरांचे कागदही न्या. शेजारच्या वाडीतल्या गुरुजींना त्यांच्या वर्गातला चोवीसवाला त्यातच सापडेल.