एक बोल्ट निघता निघत नाही

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की मूर्तिजापूरच्या अलीकडे हायवेच्या कडेला मिस्त्रींच्या गॅरेजचं हे टिनाचं शेड लागते. बोर्ड नाही, काही नाही, बाहेर दोन जुने टायर अन् एक निंबाचं झाड. त्याच झाडाखाली सकाळपासून हा दहा टायरी ट्रक उभा आहे, मागं कापसाच्या गाठी भरलेल्या, अन् ड्रायव्हर भाऊ खाटेवर बसून फोनवर मालकाला समजावून राहिलेत की गाडी बंद नाही पडली हो, फक्त ओढत नाही.

रिकामी असली की पळते, पण लोड भरला अन् जरासा चढ आला की मागून काळाकुट्ट धूर, केबिनखालून शीऽऽ असा आवाज. भाऊनं एअर फिल्टर झटकून पाहिला, डिझेल फिल्टर बदलला, मग कोणीतरी सांगितलं डिझेलचा पंप उतरवा. पंप उतरवायचा म्हणजे खिशाला किती मोठं भोक पडते ते ट्रकवाल्यांना सांगायची गरज नाही.

मिस्त्रींनी काहीच उतरवलं नाही. केबिन उचलली, टॉर्च मारला, इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारा मोठा पाईप, हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाला, जिथं जोडला असते तिथं बोट फिरवलं अन् काळं तेलकट बोट भाऊसमोर धरलं. "हे पाह्य. तुह्या गाडीची हवा इथून जाऊन राह्यली."

आता हे समजून घ्या. टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलते, अन् जोडावर फट पडली की ती हवा सिलिंडरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर. डिझेल मात्र पडत राहते, मग ते पुरतं जळत नाही, तोच काळा धूर. बिनटर्बोच्या जुन्या गाडीत उलटं होते, तिथं इंजिन फटीतून बाहेरची हवा ओढते, ती फिल्टरमधून आलेली नसते, अन् आपल्या काळ्या मातीची धूळ आत गेली की सिलिंडरच्या आतलं अस्तर (लायनर) अन् पिस्टनच्या रिंगा खाल्ल्याच समजा. मला विचाराल तर धुरापेक्षा हे जास्त वाईट, कारण धूर दिसतो तरी.

खात्री करायला मिस्त्रींनी टर्बोचा पाईप बंद करून टायरवाल्याच्या कंप्रेसरची थोडीशी हवा आत सोडली अन् जोडावर साबणाचं पाणी मारलं. तीन जागी फेस आला. तिन्ही जागचे बोल्ट गेलेले, एक ढिला, दोन तर मुंडकंच नसलेले.

ढिले होतात कशानं? मॅनिफोल्ड अल्युमिनियमचा, हेड बिडाचं, अन् तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते. म्हणजे गाडी तापली-थंडी झाली की दर खेपेला बोल्टला ओढ बसते. त्यात मागच्या वेळी कोणीतरी पान्याला पाईप लावून आवळलेला, आटे ताणले गेले, अन् तेच बोल्ट पुन्हा लावले. बोल्ट लहान, एम-८ म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, पाना १३ नंबरचा. याला साधारण २५ न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर, बस. पाईपनं त्याच्या चौपट सहज होते.

मॅनिफोल्ड निघाला. पहिलं काम, हेडच्या सहाही भोकांत फडके कोंबले. पोट्ट्यानं मोठ्यानं मोजले, एक, दोन, तीन... सहा. काहून मोजायचे विचाराल तर एखादं फडकं किंवा तुटलेल्या बोल्टचा तुकडा आत राहिला तर पिस्टनचं काय होईल ते सांगायलाच नको.

ढिला बोल्ट हातानंच निघाला. तुटक्यांपैकी एकाची शेंडी वर होती, त्यावर जुना नट ठेवला, बॅटरीच्या वायरी सोडल्या, वेल्डिंगनं नट भरला, लाली उतरली की मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत गेलं, अन् पाना थोडा पुढं, थोडा मागं, असं करत करत आला बाहेर. दुसरा मात्र भोकातच तुटलेला. आधी सेंटर पंच, मग बारीक ड्रिल, अन् इतकं सावकाश की भाऊनं दोनदा चहा मागवला. भाऊनं ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं अवजार, नाही का म्हणून विचारलं तर मिस्त्री म्हणे, "हाय ना, पण तो आत तुटला तं मंग ड्रिलबी चालत नाई त्यावर." खरं आहे, तो लोखंडापेक्षा कडक असते. शेवटी ड्रिल मारत मारत तुकडा पातळ केला अन् चिमट्यानं निघाला, आटे वाचले. मग आटे साफ करायला एम-८ चा टॅप फिरवला, भोकं हवेनं साफ केली, कारण खाली तेल साचलं असलं तर बोल्ट तळाला टेकल्यासारखा वाटतो अन् पॅकिंग ढिलंच राहते.

मूर्तिजापूरचा माणूस इंजिनाची गोष्ट निघाली की शकुंतलेवर, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या रेल्वेवर, येतोच. मिस्त्री ड्रिल मारता मारताच सांगू लागले की कापूस न्यायला टाकलेल्या त्या छोट्या लाईनवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं. "अन् तुही गाडी पाच वर्सांत दमली!" भाऊ हसले, थोडंसं.

सगळेच बोल्ट नवे, मुंडक्यावर मजबुतीचा आकडा ८.८ लिहिलेले, पॅकिंग नवं. फडके काढले, पोट्ट्यानं पुन्हा मोजले, सहा. बोल्ट आधी मधले, मग दोन्हीकडे बाहेर, अन् दोन फेऱ्यांत टॉर्क पान्यानं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं.

परत साबणाचं पाणी. फेस नाही. गाडी सुरू झाली, भाऊनं रेस दिली, शीऽऽ गेलेलं. मिस्त्री म्हणाले एक फेरा मारून ये, तापून थंडी झाली की मी एकदा पाना लावून पाहीन. भाऊनं फोन उचलला अन् मालकाला एवढंच सांगितलं, निघालो.