डोंगरातली वळणं पाठ असलेली डिझेल गाडी

जपानमधल्या ओकायामा स्टेशनवर नानपू एक्सप्रेस उभी असते तेव्हा तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. मोजके डबे, स्टेनलेस स्टीलची बॉडी, खाली डिझेल इंजिनांची घरघर. त्याच स्टेशनात शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन येतात-जातात, त्यांच्यापुढे ही अगदीच साधी वाटते. पण हीच गाडी सुमारे अडीच तासांत समुद्र ओलांडते, मग शिकोकू बेटाच्या मधोमध असलेले डोंगर ओलांडते आणि पलीकडच्या किनाऱ्यावर, कोची शहरात नेऊन सोडते. आणि डोंगरात शिरल्यावर ती वळणांवर ज्या पद्धतीने आत झुकते ना, ते डिझेल गाडीला जमवून दाखवणारे जगात पहिले हेच शिकोकूवाले.

आधी शिकोकूबद्दल थोडं, कारण त्याशिवाय ही गाडी का बनली ते कळणार नाही. जपानच्या चार मोठ्या बेटांमधलं हे सगळ्यात लहान. १ एप्रिल १९८७ ला जपानची सरकारी रेल्वे मोडून तिच्या वेगवेगळ्या कंपन्या केल्या, आणि शिकोकूच्या वाट्याला आली जेआर शिकोकू, प्रवासी कंपन्यांमधली सगळ्यात छोटी. टोकियो नाही, ओसाका नाही, शिन्कान्सेन तर आजही नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८८ मध्ये, सेतो ओहाशी हा प्रचंड पूल सुरू झाला, वर मोटारी आणि खाली रेल्वे, आणि बेट पहिल्यांदा मुख्य भूमीला रुळांनी जोडलं गेलं. आनंदाची गोष्ट खरीच, पण त्याच काळात बेटावर एक्सप्रेसवे पण बांधले जात होते, म्हणजे लोकांकडे आता स्वतःची गाडी आणि हायवेची बस हे दोन्ही पर्याय येणार होते, आणि रेल्वे मात्र जुन्याच रुळांवर जुन्याच वेगाने डोंगर चढत राहणार होती.

ते रूळ म्हणजे दोसान लाईन. तादोत्सुपासून कुबोकावापर्यंत १९८.७ किलोमीटर. डोंगरातला सलग मार्ग १९३५ मध्ये पुरा झाला, म्हणजे बोगदे खणणं महाग आणि अवघड होतं तेव्हाची आखणी. जिथे नदी वळते तिथे रूळ वळतात. तीनशे मीटर त्रिज्येची वळणं, काही त्याहूनही आवळलेली, एक संपेपर्यंत दुसरं सुरू, आणि वर चढ हजार मीटरला पंचवीस मीटर. विजेच्या तारा फक्त कोतोहिरापर्यंत, पुढे सगळं डिझेल. आता ही लाईन सरळ करायची तर डोंगर फोडायला लागणार आणि तेवढा पैसा कंपनीकडे नव्हता. मग रूळ तसेच ठेवून वेग वाढवायचा कसा, हा प्रश्न उरला.

वळणावर गाडीला अडवतं काय ते समजून घेऊ. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात, त्यामुळे गाडी आतल्या बाजूला कलते. पण ही उंची मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही, कारण त्याच रुळावरून हळू गाड्याही जातात आणि एखादी वळणावरच थांबूही शकते. मग वेग वाढवला की आतला माणूस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. जपानमध्ये ही ढकल गुरुत्वाकर्षणाच्या आठ टक्क्यांच्या आत ठेवतात, त्याच्या वर गेलं की उभा माणूस अडखळतो. गंमत म्हणजे बऱ्याच वेळा गाडी उलटायचा धोका अजून लांब असतो, रूळ सहन करू शकतात, सहन होत नाही ते प्रवाशाला. म्हणजे फक्त डबाच अजून पाच अंश आत झुकवला तर? पाच अंश ऐकायला काहीच नाही, पण त्याने जवळजवळ पावणेनऊ टक्क्यांची ढकल आतल्या माणसाला जाणवेनाशी होते. त्यामुळे त्याच वळणावर वीसेक किलोमीटर जास्त वेगाने जाता येतं. रुळांवरचा जोर मात्र झुकण्याने कमी होत नाही, उलट वेगामुळे वाढतो, म्हणून डबे हलके लागतात, वजन खाली लागतं आणि रूळही आधी मजबूत करून घ्यावे लागतात.

झुकणारी गाडी जपानला नवी नव्हती. १९७३ मध्ये ३८१ सीरीज ही विजेची गाडी शिनानो एक्सप्रेस म्हणून धावायला लागली होती. तिचा डबा रोलरवर टेकलेला होता आणि वळणावर आपोआप डुलायचा, अगदी झोपाळ्यासारखा. पण झोपाळ्याचं कसं, धक्का बसल्यावर तो हलतो, आणि धक्का संपला तरी हलतच राहतो. गाडी वळणात शिरली तरी डबा क्षणभर सरळच, मग एकदम झुकणार, आणि वळण संपलं की परत येताना पुन्हा डुलणार. लोकांना मळमळायला लागायचं, डोंगरातल्या मार्गांवर तर उलटीसाठी पिशव्या ठेवायला लागल्या. वेग मिळाला पण प्रवासी हैराण, असा तो प्रकार होता.

शिकोकूने रेल्वे टेक्निकल रिसर्च इन्स्टिट्यूटबरोबर काम करून याच्यावर जो उपाय केला तो मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो. त्यांनी गाडीला रस्ता पाठ करून दिला. गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या मार्गाचा डेटा भरलेला असतो, कुठलं वळण कुठे सुरू होतं, किती आवळलेलं आहे, बाहेरचा रूळ किती उंच आहे. चाकं किती फिरली त्यावरून गाडी मोजत राहते की आपण कुठे पोचलो. आता चाकं थोडी घसरतात, झिजतात, मोजणीत फरक पडतो, म्हणून सिग्नलच्या सुरक्षेसाठी रुळांमध्ये जी एटीएसची, म्हणजे गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेची, उपकरणं आधीपासून बसवलेली असतात त्यांच्यावरून जाताना गाडी आपला हिशोब दुरुस्त करून घेते. आणि वळण यायच्या थोडं आधीच हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर डब्याला हळूच आत कलवायला लागतो. धक्क्याची वाट बघायचीच नाही. समजा कॉम्प्युटरचा हिशोब कुठे चुकला, तरी डबा रोलरवर आहेच, जुन्या पद्धतीने आपोआप डुलणार, प्रवास थोडा कमी सुखाचा होईल इतकंच.

हे विजेच्या गाडीत करणं सोपं, डिझेलमध्ये का अवघड? इथे जरा थांबून बघूया, कारण हाच खरा पेच होता. डिझेलच्या डब्यात इंजिन डब्याच्या खाली टांगलेलं असतं, म्हणजे डबा झुकला की इंजिन पण झुकणार. चाकं मात्र रुळांवर, ती झुकत नाहीत. आणि या दोघांच्या मध्ये फिरणारा एक लांब शाफ्ट, जो इंजिनाची ताकद चाकांना देतो. ड्रायव्हरने पॉवर वाढवली की शाफ्ट एका दिशेने पिळला जातो आणि त्याची उलटी पीळ डब्याला बसते. साध्या डब्यात हे कुणाला कळतही नाही. पण इथे डबा मुद्दाम सहज हलेल असा रोलरवर ठेवलाय, तो पॉवर वाढवताच एका बाजूला झुकायला बघणार, वळण असो वा नसो! उत्तर इतकं सुंदर आहे की ऐकल्यावर वाटतं हे आधीच सुचायला हवं होतं. प्रत्येक डब्याखाली दोन इंजिनं लावायची, आणि त्यांची रचना अशी की एकाची पीळ डावीकडे तर दुसऱ्याची उजवीकडे. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि डबा शांत राहतो. वर चढासाठी ताकद पण मिळाली, कोमात्सुची ३३० अश्वशक्तीची दोन इंजिनं, म्हणजे एका डब्याला ६६०.

डिझेलचा एक फायदा पण होता, वर पँटोग्राफ, म्हणजे तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, नाही. विजेच्या गाडीत डबा झुकला की पँटोग्राफ पण झुकतो आणि तार सुटायची भीती. याच कंपनीने नंतर ८००० सीरीज ही विजेची झुकणारी गाडी काढली तेव्हा पँटोग्राफचा पाया वायरने खालच्या चाकांच्या सांगाड्याला जोडावा लागला, म्हणजे डबा झुकला तरी पँटोग्राफ जागेवर राहतो.

१९८९ मध्ये तीन डब्यांची पहिली गाडी तयार झाली, फुजी हेवी इंडस्ट्रीजने बांधलेली. नाव टीएसई, म्हणजे ट्रान्स शिकोकू एक्सपेरिमेंटल. नावात प्रयोग असला तरी ही गाडी काही म्युझियममध्ये गेली नाही, २०१८ पर्यंत ती रोजच्या प्रवाशांना घेऊन धावत होती. १९९० पासून २००० सीरीज म्हणून पुढच्या गाड्या यायला लागल्या, ताशी १२० किलोमीटर, आणि १९९५ पासून एन२०००, इंजिन ३५० अश्वशक्तीचं, वेग १३०, ताकामात्सु ते तोकुशिमा मार्गावरच्या उझुशिओ एक्सप्रेससाठी.

मग बाकीच्यांनीही हीच वाट धरली. क्योतो ते तोत्तोरीकडे जाणारी सुपर हाकुतो, होंशू या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाकडे जपान समुद्राच्या कडेने जाणारी किहा १८७, आणि उत्तरेला होक्काइदोची किहा २८१. ही किहा २८१ तर १९९४ मध्ये सापोरो ते हाकोदाते हे ३१८.७ किलोमीटर अंतर २ तास ५९ मिनिटांत कापायला लागली. बर्फात, डिझेलवर! पण होक्काइदोचा शेवट वेगळा झाला. मे २०११ मध्ये किहा २८३ ची एक गाडी, खालचा एक भाग गळून पडल्यामुळे रुळावरून घसरली, बोगद्यात आग लागली आणि सहाच्या सहा डबे जळाले. कुणाचा जीव गेला नाही हे नशीब. झुकण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण कंपनीच्या देखभालीवरच प्रश्न उभा राहिला, नंतर वेग उतरवले गेले, आठ अंशांपर्यंत झुकणारी किहा २८५ नावाची नवी गाडी बनून तयार होती तीही २०१४ मध्ये सोडून दिली. २०२२ मध्ये किहा २८१ पण निवृत्त झाली. मला याचं वाईट वाटतं, पण निर्णय समजतो, झुकणाऱ्या गाडीची देखभाल जास्त लागते आणि ती नीट होणार नसेल तर ती चालवू नये.

देखभालीचा हाच विचार शिकोकूतही झाला. २०१७ मध्ये त्यांनी २६०० सीरीज काढली. रोलर नाही, सिलिंडर नाही, डबा ज्या हवेच्या स्प्रिंगवर बसतो त्यातल्याच एका बाजूच्या स्प्रिंगमध्ये जास्त हवा भरून दोन अंश झुकवायचं. साधी पद्धत, खर्च कमी. पण दोसान लाईनवर चाचणी घेतली आणि गणित बिघडलं. तिथे वळणामागून वळण, आता डावीकडे, लगेच उजवीकडे, प्रत्येक वेळी हवा लागणार आणि टाकीतली हवा तेवढ्या वेगाने भरून निघेना. त्या गाड्या चार डब्यांवरच थांबल्या आणि उझुशिओवर पाठवल्या. पैसा गेला, वेळ गेला, तरी कंपनीने तीच गाडी डोंगरावर रेटली नाही, परत रोलरकडे आली आणि २०१९ मध्ये २७०० सीरीज आणली. पाच अंश झुकाव, ताशी १३० किलोमीटर, डब्याला ४५० अश्वशक्तीची दोन इंजिनं. मार्च २०२१ पासून सगळ्या नानपू हीच गाडी घेऊन धावतात. तीस वर्षांपूर्वीची कल्पना नव्या गाडीत परत घ्यावी लागली, यावरून पहिल्यांदा किती नीट विचार केला होता ते कळतं.

आता चला गाडीत. कोतोहिरा मागे पडलं, तारा संपल्या, इंजिनांचा आवाज वाढला. चढ चढून इनोहाना बोगद्यातून बाहेर आलो की त्सुबोजिरी, झाडीत लपलेलं स्टेशन, लोकल गाड्यांना तिथे पुढे-मागे करत आत शिरावं लागतं, आपली गाडी सरळ निघून जाते. मग उतारावरून खाली योशिनो नदीचं रुंद खोरं दिसतं, आवा-इकेदा येतं, आणि तिथून पुढे कोबोके आणि ओबोकेची घळ. इथे खिडकीच्या चौकटीवर नजर ठेवा. नदीची कड आणि चौकट समांतर असतात, मग वळण यायच्या आधी चौकट हळूच तिरकी होते, क्षणभर सगळं आकाश दिसतं, आणि लगेच दुसऱ्या बाजूला कलून हिरवं पाणी आणि खडक थेट काचेखाली येतात. शरीराला मात्र ढकल जवळजवळ नाहीच. उभे असाल तर सीटच्या कोपऱ्यावरची कडी धरा, दोन वळणांच्या मधल्या पलटीला अजूनही तोल जाऊ शकतो.

पुढे तोसा-यामादाकडे उतार, मग सपाट शेतं आणि कोची. तिथून आशिझुरी एक्सप्रेस याच गाड्या घेऊन अजून पश्चिमेला नाकामुराकडे जाते, कुबोकावाच्या पुढे तोसा कुरोशिओ या आणखी छोट्या रेल्वेच्या रुळांवरून, आणि त्या छोट्या कंपनीनेही स्वतःच्या मालकीचे २७०० चे डबे घेतले आहेत.