गावाच्या राखणीचा हिशेब

मित्रहो, मंडळाने मला विषय दिला होता 'गुन्हेगारी आणि समाज'. तो फारच ऐसपैस आहे. त्यातला एक तुकडा मी उचलणार आहे. गुन्हा घडून गेल्यावर काय करायचं याच्यासाठी पोलीस, वकील, कोर्ट असं सगळं आहे. पण तो घडूच नये म्हणून गावात आणि गल्लीत लोकांना हाताशी धरून जे चालतं, म्हणजे रात्रीची गस्त, शांतता समिती, तंटामुक्ती, चौकातला कॅमेरा, त्याला पैसा कुठून येतो? आणि त्या कामाच्या नावाखाली जो अधिकार गाजवतो त्याला जाब कोण विचारतो? दोन्ही प्रश्न रुक्ष वाटतील, पण माणसं मरतात ती या रुक्ष जागांमध्येच. त्याकडे मी येईन.

आधी घटनेत काय आहे ते बघू. पोलीस हा राज्याचा विषय. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना मोठा मान मिळाला. अकराव्या अनुसूचीत ग्रामपंचायतींसाठी २९ विषय, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८. त्या दोन्ही याद्यांत पोलीस नाहीत. रस्त्यावरचे दिवे मात्र स्थानिक संस्थेचे. म्हणजे अंधार आपला आणि अंधारात येणारा चोर गृहखात्याचा!

हसू नका, यातून खरोखरच पेच होतो. दिवाबत्तीची थकबाकी वाढली की महावितरण गावाचे पथदिवे तोडतं. २०२१ मध्ये ही बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरा, असं सरकारने सांगितलं, तेव्हा राज्यभरचे सरपंच चिडले. त्यांचं चुकत नव्हतं. त्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाची सगळी हौस-मौज, त्यातच हे बिल. आता आपल्या सांगली भागातल्या चोऱ्या आठवा. विहिरीवरची मोटार, केबल, डीपी फोडून काढलेली तांब्याची तार, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली. यातल्या बऱ्याच गोष्टी अंधाराच्या आधाराने होतात. चोरी रोखण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय पंचायतीच्या थकबाकीत अडकलेला आहे, आणि फौजदार साहेबांच्या बैठकीत त्याची चर्चा होत नाही, कारण ते त्यांचं खातं नाही.

गावात पोलिसांचा म्हणून जो एक माणूस असतो तो पोलीस पाटील. वतनदारी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद नेमणुकीचं झालं. नेमणूक महसूल खात्याकडून, प्रांतांच्या सहीने. काम पोलीस ठाण्याचं. मानधन राज्याच्या तिजोरीतून, आणि तेही वर्षानुवर्षं इतकं तुटपुंजं की त्यावर मोर्चेच निघत राहिले. २०२४ मध्ये ते ६,५०० वरून १५,००० रुपये झालं, हे चांगलंच झालं. पण गंमत बघा. गावाने ज्याच्या तोंडाकडे बघायचं, त्याचा ग्रामसभेशी हिशेबाचा काहीएक संबंध नाही. वर्षभरात गावात किती चोऱ्या झाल्या, किती उघड झाल्या, गस्त किती रात्री झाली, हे त्याने ग्रामसभेत उभं राहून सांगावं अशी पद्धतच आपण पाडली नाही.

आता तंटामुक्तीकडे येतो, कारण आपल्या राज्यात लोकसहभाग आणि सरकारी पैसा यांची गाठ सगळ्यात मोठ्या प्रमाणावर तिथे बांधली गेली. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आपले आबा. त्याआधी ग्रामविकास खात्यात असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवलं होतं. स्पर्धा लावा, गुण द्या, बक्षीस द्या, गाव आपोआप झाडू हातात घेतं, हा त्यांचा अनुभव. तोच साचा त्यांनी भांडणांना लावला. ग्रामसभेने समिती निवडायची. समितीत सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, त्या भागाचा पोलीस म्हणजे बीट हवालदार, आणि गावातली चार शहाणी माणसं. दिवाणी, महसुली, फौजदारी, इतर अशी तंट्यांची नोंद करायची, समोरासमोर बसवून मिटवायचे. फौजदारीत फक्त कायद्याने तडजोड होऊ शकते तेवढेच गुन्हे. २०० गुणांची परीक्षा. पास झालेल्या गावाला लोकसंख्येच्या हिशेबाने लाखांत बक्षीस, आणि १९० च्या वर गुण मिळवणाऱ्याला विशेष शांतता पुरस्कार म्हणून आणखी २५ टक्के.

या मोहिमेची टिंगल करणं सोपं आहे. मी करणार नाही. बांधाच्या भांडणाला वीस वर्षं तारखा घालणारी माणसं एका पारावर बसून कागदावर अंगठे उठवून मोकळी झाली, हे खरं आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरणारी बाई गावातल्या समितीपुढे निदान बोलायला उभी राहिली. विदर्भात तर समितीने पळून गेलेल्या जोडप्यांची लग्नं लावून दिली. त्या बातम्या अजून येतात आणि मला त्या वाचायला आवडतात.

पण पैसा ज्या वाटेने आला त्या वाटेने कामाचा आकार बदलला. बक्षीस एकदाच मिळणार. गाव तंटामुक्त जाहीर झालं, धनादेश आला, कमान उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी? बैठकीच्या चहाला, झेरॉक्सला, दूरच्या वस्तीवर जायच्या पेट्रोलला कुठलाच पैसा नाही. रोजच्या कामाला दमडी नाही आणि निकालाला लाखो रुपये, असा तो मामला होता. मग गुण मिळवण्यासाठी वहीत तंटे जन्माला घालायचे आणि वहीतच मिटवायचे, असं तेव्हा गावोगाव उघड बोललं जायचं. सगळीकडे तसं झालं असं मी म्हणणार नाही. पण गुण मोजणारी माणसं बाहेरून कागद तपासायला यायची, आणि ज्यांची भांडणं खरी होती त्यांना मत विचारण्याची सोय त्या २०० गुणांत कितीशी होती?

आणि अध्यक्षपद! सरपंचपद ज्याचं हुकलं त्याची समजूत काढण्याची जागा ती झाली. तंटामुक्तीच्या अध्यक्षाच्या निवडीवरून ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, हाणामारीवर गुन्हे दाखल झाले, अशा बातम्या दर ऑगस्टात येतात. दुसरी काळजी जास्त गंभीर आहे. गावची अब्रू आणि गावचं बक्षीस एकाच दोरीने बांधलं की दबाव नेहमी दुबळ्या बाजूवर येतो. दलित कुटुंबाने अत्याचाराची तक्रार मागे घ्यावी, मुलीच्या बापाने गप्प बसावं. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध आपण सामाजिक बहिष्काराचा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तंटामुक्ती समिती जातपंचायत नव्हे, हे मान्य. पण तिच्यापुढे ज्याचं समाधान झालं नाही त्याने कुठे जायचं, हे तिच्या फलकावर लिहिलेलं मी तरी बघितलेलं नाही.

याच्या उलट टोकाला भिवंडी. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेलं यंत्रमागाचं गाव. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. त्यात दोन्ही धर्मांची साधी माणसं होती, नेते मुद्दाम कमी. बैठकीला मोठा साहेब नसला तरी त्या भागाचा पोलीस कर्मचारी असायचा, आणि बोलणं गटार, नळ, पोरांची भांडणं यावर व्हायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्याला पैसा किती लागला? जवळजवळ नाहीच. पोलिसांचा वेळ लागला, आणि वेळ हाच खरा खर्च असतो, तो अंदाजपत्रकात दिसत नाही इतकंच. नंतर मुंबईतही पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, तिचा पुढे ट्रस्ट झाला, नागरिकांनी तिला पैसा दिला, पोलीस आणि वस्तीतली पोरं मिळून क्रिकेट खेळू लागली. या प्रयोगांचं दुबळेपण एकच, ते माणसांवर उभे होते. साहेबाची बदली झाली की पुढचा साहेब ते चालवेल की नाही हे त्याच्या मर्जीवर. समितीला स्वतःहून बैठक बोलावण्याचा अधिकार नसेल तर ती साहेबाचीच समिती असते. आपल्याकडच्या शांतता समित्या बघा. गणपती आणि मोहरमच्या आधी बोलावणं येतं, चहा-बिस्किट होतं, फोटो निघतो.

मोठा पैसा कुठे जातो? वस्तूंकडे. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर त्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि शहराचा तो प्रकल्प पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. जिल्ह्यात जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून पोलिसांना गाड्या आणि कॅमेरे मिळतात, कुठे आमदार निधीतून, कुठे साखर कारखान्याच्या देणगीतून. उद्घाटन थाटात होतं. देखभालीची तरतूद कुणी केली, बंद पडलेला कॅमेरा कुणी दुरुस्त करायचा, चित्रण कोण बघू शकतं, हे विचारायची जागा जिल्हा नियोजन समिती. घटनेप्रमाणे तिच्यात किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. पण २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासक बसले. त्या काळात जिल्हा परिषदेतून यायचे ते सदस्यच नव्हते. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांनी ठरवलं आणि खर्च झाला. ते वाईट हेतूने ठरवतात असं मी म्हणत नाही, पण विचारणारा त्या खोलीत नव्हता.

मघाशी म्हटलं की माणसं मरतात, आता तिकडे येतो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने धरलं आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. ही माणसं आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडची. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले. टाळेबंदीत चोरांच्या अफवेने गावं रात्रभर जागत होती. दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांसमोर मारलं. दोन्ही ठिकाणी मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण गावाची राखणच करतोय. सर्वोच्च न्यायालयाने राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनीच, १७ जुलै २०१८ ला, प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. ते जिल्ह्याच्या पातळीवर झालं. गावात काठी घेऊन फिरणाऱ्या पोरांची यादी कुणाकडे आहे? अनोळखी माणूस दिसला तर त्याला हात न लावता कुणाला फोन करायचा, हे त्यांना कुणी शिकवलं? ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवर गावभर मोबाईल वाजतात, बिबट्या आला किंवा दरोडा पडला तर फार उपयोगाची गोष्ट आहे. पण त्याच यंत्रणेतून अफवा गेली तर? म्हणून संदेश कुणी दिला आणि कशावरून दिला याची नोंद गावाला बघता आली पाहिजे. राखणदाराला जितकी ताकद देता तितका हिशेब मागितलाच पाहिजे.

पोलिसांविरुद्ध तक्रारीची जागा कायद्यात आहे. पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने जिल्हापातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण सांगितलं होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला आणि जिल्ह्याऐवजी विभाग धरला. आपला विभाग पुणे. जतच्या वस्तीवरच्या माणसाने पुण्याला जाऊन तक्रार मांडायची!

मग थेट निवडणूकच घ्या, असं एक तरुण मित्र परवा म्हणाला. इंग्लंड आणि वेल्सने ते केलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पोलिसांवर देखरेख करणारे, अंदाजपत्रक ठरवणारे आयुक्त लोकांनी निवडले. मतदान झालं १५ टक्के. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका केंद्रावर तर एकही मतदार फिरकला नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारने हे पद २०२८ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र मला घ्यावीशी वाटते. तिथल्या घरपट्टीच्या बिलावर पोलिसांसाठी किती रक्कम घेतली ते वेगळं छापलेलं असतं. बिल हातात आलं की माणूस विचारतो, एवढे पैसे घेता तर आमच्या गल्लीत दिसत का नाही?

नवी समिती काढा असं मी म्हणणार नाही, समित्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. तंटामुक्तीला बक्षिसाऐवजी दर वर्षी थोडा पण ठरलेला पैसा द्या, आणि तो दिवाबत्ती, गस्तीच्या बॅटऱ्या, बैठका यांवर खर्च करायची मोकळीक द्या. द्राक्ष हंगामात माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांनी तासगाव-मिरजेत किती घरं बसवली हे तुम्हाला माहीत आहे. आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याची, त्याच्या ओळखपत्राची नोंदवही गावात ठेवायला काय खर्च येतो? एका वहीचा. तो एक गुन्हा टळला तर किती जणांचं कर्ज वाचेल याचा हिशेब तुम्हीच करा. 'ग्रामसभेच्या हाती दिलं की गटबाजी होईल,' असं अधिकारी म्हणतात. गटबाजी आत्ताही आहे, फक्त आत्ता ती बंद दाराआड होते. सभेत निदान दुसरा गट ऐकत असतो आणि त्याच्याकडे पावती असते.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तंटामुक्तीच्या अध्यक्षाचं नाव पुढे येईल. नाव सुचवायच्या आधी मागच्या वर्षीची नोंदवही वाचायला सांगा. किती तंटे आले, किती मिटले, कोण असमाधानी राहिलं, त्याला पुढची वाट दाखवली का. गस्तीची यादी मागा. बीट हवालदार हजर नसतील तर तेही इतिवृत्तात लिहायला लावा. इतिवृत्तात येत नसेल तर गटविकास अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलीस पाटील मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत, बराच वेळ काहीतरी बोलायचंय त्यांना असं दिसतंय. आधी त्यांचे प्रश्न घेऊ.