काडतूस अडकलं की आधी बघा

(फोंड्यातील एका वाचनालयात एका निवृत्त लष्करी आर्मररने (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने) दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. टेबलावर नुसतं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, आहे, रायफल आणलेली नाही. ही पाच काडतुसं सरावाची आहेत, त्यांत ना दारू ना ती पेटवणारी कॅप. तेव्हा पहिल्या रांगेतल्या वहिनींनी मागे ओढलेली खुर्ची पुन्हा पुढे घ्यायला हरकत नाही.

समोर माजी सैनिक दिसतायत, पॉइंट टू-टूवाली, म्हणजे .२२ इंची छोट्या काडतुसाची रायफल वापरणारी, नेमबाज मुलं दिसतायत, आणि काही जण बाहेर पाऊस आहे म्हणून आत आलेत. सगळ्यांचं स्वागत. अर्धस्वयंचलित रायफलीत काडतूस का अडकतं आणि दोष कसा शोधायचा, हे सांगायचं कबूल केलंय. पण माझं खरं म्हणणं एवढंच आहे, की अडकलं की हात आवरा आणि बघा. आपला माणूस काय करतो? खटाखट बोल्ट, म्हणजे काडतूस आत लोटणारा सरकता दट्ट्या, ओढतो. अडकलेलं काडतूस गवतात उडतं, पुढचं आत जातं, तो खूश. चार बारांनी पुन्हा तेच. मग म्हणतो, रायफलच भिकार. अहो, पंचनाम्याआधी प्रेत हलवलंत, आता खुनी कुठून सापडणार? लढाईत तसं करावंच लागतं, फौरी इलाज, म्हणजे झटपट उपाय, त्यासाठीच शिकवतात. रेंजवर तुमच्यामागे कोण लागलंय?

मुळात काम सोपं आहे. बार उडाला की बोल्ट मागे जातो. एसएलआरमध्ये, म्हणजे आपल्या सैन्याच्या जुन्या सेल्फ-लोडिंग रायफलीत, त्याला नळीतला गॅस ढकलतो, बहुतेक टू-टूमध्ये काडतुसाची रिकामी पुंगळीच ढकलते. जाताना तो पुंगळी बाहेर फेकतो, कॅपवर ठोका पडण्यासाठी हॅमर चढवतो. येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे लोटतो. या सगळ्यात जे हातातून पडतं, बुटाखाली येतं, खिशात किल्ल्यांबरोबर फिरतं, ते एकच: मॅगझिन. पत्र्याचा डबा आणि आत स्प्रिंग. त्याच्या तोंडाच्या दोन दुमडलेल्या कडा, म्हणजे लिप्स, काडतूस कुठल्या कोनात उभं राहील आणि कधी सुटेल हे ठरवतात. केसभर वाकल्या तरी खेळ बिघडतो.

आता ती गोष्ट सांगतोच, कार्यवाह घड्याळ बघतायत तरी. आमच्या पलटणीत एक जवान होता. नाव सांगत नाही, हल्ली तो गावचा सरपंच आहे. फायरिंगला त्याची एसएलआर दर चार-पाच बारांनी बंद. काडतुसाचं टोक चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या, खालच्या भिंतीत रुतलेलं. उस्ताद म्हणाले, गॅस कमी पडतोय. सुभेदारसाहेब म्हणाले, तेल घाला. तेल घातलं, आणखी घातलं, शेवटी रायफल तळून काढायची तेवढी बाकी होती. क्लार्कचंही मत होतं, ते मी विसरलो. मी त्याचं मॅगझिन काढून शेजाऱ्याला दिलं आणि शेजाऱ्याचं त्याला. झालं! याची रायफल चालू, शेजाऱ्याची बंद. मॅगझिन उजेडात धरलं तर एका कडेला चमकदार ओरखडे. म्हटलं, बाबा रे, हे काय? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "साहेब, रविवारी बाटलीचं बूच..." (हशा)

हसू नका. इस्रायलने १९७०च्या दशकात गॅलिल रायफल आणली, तिच्यात बूच काढायची सोय मुद्दाम दिली होती. का? तिथलेही जवान मॅगझिनच्या कडांनीच बाटल्या उघडायचे आणि मॅगझिनं बिघडायची. रविवारी सगळ्या सैन्यांची अक्कल सारखीच चालते. आणि १९९९ साली कारगिलच्या थंडीत आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या, त्याही आठवा.

तरी आमच्या गोव्यातला दुकानदार आधी कानस काढतो! चेंबरकडे चढणारा उतार घासून देऊ म्हणतो. घासलेलं पोलाद परत येत नाही, राजा. मॅगझिन बदलून बघायला दमडी लागत नाही. आणि आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा. हुकूम आहे, मान्य. पण एका ठाण्यातून एका काजूवाल्याची बंदूक परत आली ती गंज खाऊन. ही खारी हवा, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि फडक्यालासुद्धा कोणी तेल...

चिठ्ठी आली. नाटकाच्या तालमीची मंडळी दारात उभी आहेत. पाच मिनिटं म्हणे. लिहून घ्या, भराभर सांगतो.

टोक खाली रुतलं: मॅगझिन नीट बसलंय का, लिप्स, स्प्रिंग, याच क्रमाने बघा. बोल्ट काडतुसाच्या वरून निघून गेला: एकतर स्प्रिंग काडतूस वेळेत उचलत नाही, नाहीतर बोल्ट पुरता मागेच येत नाही. पुंगळ्या कुठे पडतात ते बघा. नेहमी लांब जाणाऱ्या पायाशी पडू लागल्या, तर जोर कमी. एसएलआरमध्ये आधी सफाई, मग गॅस कमीजास्त करणारा रेग्युलेटर फिरवून बाहेर सुटणारा गॅस कमी करा. टू-टूवाल्यांनो, तुमचं स्पर्धेचं मंद काडतूस सेकंदाला ३२०-३३० मीटरच्या आसपास जातं, वेगवान ३७०च्या वर. काही रायफलींचा बोल्ट मंद काडतुसाला दाद देत नाही. काडतूस बदलून बघा. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकली, तरी संशय आधी याच अशक्त जोरावर.

दोन एकदम अडकली: चेंबरमधलं जिवंत की रिकामं? जिवंत असेल तर बहुधा लिप्स फाकलेत, मॅगझिन दोन-दोन सोडतंय. रिकामी पुंगळी असेल तर हा भरण्याचा दोषच नव्हे. ती ओढूनच निघाली नाही, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढणारा आकडा, आणि चेंबर बघा. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या एम-१६ रायफलीची बदनामी झाली ती मुख्यतः अशीच. काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोम नाही, आणि सफाईचं सामान जवानांच्या हातात नाही.

काडतूस पूर्ण आत जात नाही: मळलेलं चेंबर किंवा चेपलेलं, हिरवं पडलेलं काडतूस. ठोकू नका. काडतुसांना तेल लावू नका. मॅगझिनांवर रंगाने नंबर घाला आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

हात लावण्याआधी नळी सुरक्षित दिशेला, बोट घोड्यापासून दूर, मग मॅगझिन बाहेर. दोन एकदम घट्ट अडकली असतील आणि मॅगझिन निघत नसेल, तर आधी बोल्ट मागे धरून अडकवा. घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळी तशीच रोखून तीस सेकंद थांबा. आणि बाराऐवजी नुसतं 'फुस' झालं, तर पुढचा बार अजिबात टाकू नका. गोळी नळीतच असू शकते. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते बघा.