शुक्रवारचे सहा फूट

(दृश्य : गोल्फचं मैदान. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, थांबलेला चेंडू. आवाज फक्त वाऱ्याचा.)

सहा फूट. उंचापुरा माणूस आडवा झाला तर व्यापेल एवढंच अंतर. समोर सव्वाचार इंचांचं भोक. चेंडू जागच्या जागी स्वस्थ. तो कुणी अंगावर फेकत नाही, की कुणी मध्ये आडवं येत नाही. घरच्या गालिच्यावर हा पट, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायचा फटका, या खेळाडूने हजारदा घातलाय.

पण आज शुक्रवार आहे.

टीव्हीवर आपण बघतो ते रविवारचं गोल्फ. चषक, टाळ्या, मिठ्या. पोटापाण्याचं गोल्फ शुक्रवारी ठरतं. चार दिवसांची स्पर्धा, दोन दिवसांनी 'कट'. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक मालिकेच्या नेहमीच्या स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीतले पुढे जातात. बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. बक्षिसाच्या रकमेतला छदामही त्यांच्या वाट्याला येत नाही. विमान, हॉटेल, बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे, म्हणजे कॅडीचे, आठवड्याचे पैसे मात्र कधीच खिशातून गेलेले असतात. दोन दिवस राबायचं आणि पदरमोड करून परतायचं, अशी ही नोकरी. कॅडीचंही तेच, त्याची खरी कमाई खेळाडूच्या बक्षिसातल्या टक्क्यांवर.

(दृश्य : फेअरवेवरून, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या गवताच्या पट्ट्यावरून, चालणारी खेळाडू-कॅडीची पाठमोरी जोडी.)

एका फेरीत साधारण सत्तर फटके. दांडा मागे नेऊन चेंडूवर आणायला दीड सेकंदही लागत नाही. हिशोब करून बघा. चार-साडेचार तासांत प्रत्यक्ष मारणं दोन मिनिटांचंही भरत नाही. उरलेला वेळ चालायचं, अंदाज घ्यायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. टेबल टेनिसमध्ये विचाराला फुरसतच नसते. इथे फुरसतच फुरसत, आणि तीच तर खरी गोम.

(दृश्य : ओढा, दगडी काठ.)

१९९९. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. ओपन चॅम्पियनशिप या गोल्फच्या मानाच्या स्पर्धेतला शेवटचा होल, म्हणजे शेवटच्या भोकापर्यंतचा टप्पा. फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे, म्हणजे इतरांपेक्षा तीन फटके कमी. सहा फटके घेतले असते तरी चषक त्याचाच होता. त्याने सात घेतले. मध्येच बूट-मोजे काढून तो ओढ्यात उतरला आणि पाण्यातूनच मारावं का, याचा विचार करत उभा राहिला. ते चित्र आजही हसत हसत दाखवतात. मला आठवतो तो त्यानंतरचा पट. एवढी शोभा झाल्यावर, काही फुटांवरून, तो त्याने घातला. म्हणून तर प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायची जादा लढत, झाला! त्यात तो हरला, हे खरंच.

आणि बर्नहार्ड लँगर. या जर्मन खेळाडूला यिप्सने पुन्हा पुन्हा गाठलं. पट मारताना मनगट आपोआप झटका देतं, हात ऐकत नाहीत, त्याला यिप्स म्हणतात. १९९१ च्या रायडर कपचा, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या सांघिक लढतीचा, निकाल त्याच्या शेवटच्या पटवर येऊन ठेपला. अंतर सहा फूट. चुकला. युरोपच्या हातून कप गेला. पुढच्याच आठवड्यात तो जर्मनीत खेळायला उतरला, आणि ती स्पर्धा जिंकला. या माणसाने दांडा धरायच्या किती तऱ्हा बदलल्या, ते मोजायला बसलं तर हा माहितीपट लांबेल.

(दृश्य : पुन्हा तोच चेंडू.)

टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून जवळपास निम्मे पट चुकवतात. सहावर परिस्थिती बरी. हे आपल्या शुक्रवारच्या खेळाडूला पाठ आहे, पण आकडेवारी काही दांडा धरत नाही.

चेंडू निघतो, भोकाच्या कडेला वळसा घालतो आणि बाहेर येतो.

टोप्या काढून हस्तांदोलन. एका फटक्याने नाव कटच्या रेघेखाली. तरी कार्डावर सही करायचीच आहे, एकेका होलचा आकडा ताडून. ते आकडे तो दोनदा तपासतो. मग फोन काढून, रविवारचं तिकीट आजचं करून मिळतंय का, ते पाहतो.