पाणी कसंतरीच येतंय

(तक्रार कक्ष. हेडफोन लावून टाइप करणारी ऑपरेटर.)

"पाणी कसंतरीच येतंय हो." पाणीपुरवठा विभागाचा फोन दिवसभर असाच वाजत असतो. तक्रारीला क्रमांक पडतो, फिटर जाऊन येतो, तक्रार बंद होते. वाक्य तेवढं मागे पडून राहतं.

(पडद्यावर सरकणाऱ्या तक्रारी.)

ही वाक्यं जरा थांबून वाचा. 'मातकट वास येतो.' जलाशयात नीलहरित शैवाल वाढलं की जिओस्मिन हे मातकट वासाचं द्रव्य तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. 'तांबूस आहे', म्हणजे बहुधा लोखंडी पाइपातला गंज. 'दुधासारखं दिसतं, पण पेल्यात तळापासून निवळतं', ही नुसती हवा. जिथं विभागाचं एकही यंत्र नाही, त्या स्वयंपाकघरांतून रोज ही तपासणी होते आहे.

पण एवढं वाचणार कोण? नैसर्गिक भाषा प्रक्रिया, म्हणजे माणसांची भाषा यंत्राकडून वाचून घेण्याचं तंत्र, इथं कामाला येते.

(शब्दांच्या ठिपक्यांचा आलेख.)

आधी वाक्याचे तुकडे पाडतात. मग 'गढूळ', 'गडूळ', 'गढुळ' एकाच घरात आणतात. पुढं प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग मिळते आणि सारख्या संगतीत वावरणारे शब्द जवळ सरकतात. पाहा, 'गंज', 'लालसर', 'तांबूस' कसे शेजारी बसलेत! कुणी बसवले नाहीत. तक्रारी वाचता वाचता यंत्रानंच ते जमवलं.

आता ही दोन वाक्यं: 'गढूळ आहे, वास नाही.' 'वास आहे, गढूळ नाही.' शब्द तेच. नुसते शब्द मोजणाऱ्या जुन्या पद्धतीला दोन्ही सारखीच. 2017 साली आलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' नावाच्या संगणकी रचनेत मात्र प्रत्येक शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून आणि क्रमावरून लागतो.

(फिटरची जॉब कार्डं, तेलकट बोटांचे ठसे.)

मला सर्वांत मोलाची वाटतात ती ही कार्डं. 'जॉइंट लीक, क्लॅम्प टा., मेन ओके.' म्हणजे सांधा गळतोय, गळतीवर क्लॅम्पची पट्टी टाकली, मुख्य पाइप ठीक. अर्धवट शब्द, ज्याचे त्याला कळणारे. जमिनीखालच्या पाइपाचं सगळं दुखणं यांत लिहिलेलं आहे. यंत्र त्यातून जागा, भाग आणि दुरुस्ती वेगळी काढतं. एकाच पाइपावर क्लॅम्पमागून क्लॅम्प पडत असतील तर ते दिसू लागतं.

(जुनी छायाचित्रं.)

2014च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या पाण्याचा स्रोत बदलला. लोक रंगाबद्दल, वासाबद्दल सांगत राहिले. जुनं पाणी परत यायला 2015चा ऑक्टोबर उजाडला.

(रात्र. रिकामा रस्ता.)

नकाशावर एकाच गल्लीत चार तक्रारी उमटल्या, म्हणून फिटर इथं आलाय. लोखंडी सळई जमिनीला टेकवून त्यानं कान लावलाय. आपणही ऐकू.

(गळतीचा आवाज. निवेदन नाही.)