ॲक्सिस 180

[रात्र. इंदूरचा सराफा बाजार.]
दिवसा इथे सोनं-चांदी, रात्री भुट्ट्याचा कीस. कढईवरचा तो बल्ब बघा. आता कॅमेऱ्यासमोर आम्ही चष्म्याची 'सिलेंडर' काच धरतोय, एकाच दिशेने बाकदार... दिव्याला शेपटी फुटली. काच फिरवली, शेपटीही फिरली.

दहावीतल्या या मुलीला सराफा कायम असाच दिसायचा. "आजोबा, मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं!"

[दवाखाना. डोळा, अगदी जवळून.]
बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. प्रकाश वळवायचं जवळजवळ दोन-तृतीयांश काम तोच करतो. तो गोल असेल तर किरण एका बिंदूत येतात. पण लाडू वळताना वरून-खालून जरा दाबला जावा, तसा तो कधी एका दिशेला जास्त बाकदार असतो. मग उभ्या दिशेचे किरण एका अंतरावर जुळतात, आडवे दुसऱ्या. बिंदूची रेघ होते. जवळ असो वा लांब, पुसटपणा राहतोच.

पुस्तकात याला दृष्टिवैषम्य म्हणतात. चष्म्याच्या दुकानात नुसतं 'सिलेंडर'.

1801 साली थॉमस यंगने स्वतःच्या डोळ्यातला हा दोष मांडला. त्यावर चालणारा चष्मा आला 1825 च्या सुमारास. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या डाव्या डोळ्यासाठी तशी काच घडवून घेतली.

[चष्म्याचं दुकान. मागची खोली.]
काका गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतात, आमच्याशी मराठी. चिठ्ठीवर आहे: उणे 1, सिलेंडर उणे 1.50, ॲक्सिस, म्हणजे तो सिलेंडर बसवायची दिशा, 180 अंश. "लोक नंबर विचारतात," काका म्हणतात, "दिशा कुणी विचारत नाही."

लेन्सोमीटर, म्हणजे काचेचा नंबर मोजायचं यंत्र. त्याखाली काच. काका ती फिरवतात, थांबतात, पुन्हा केसभर फिरवतात. शाईचे तीन ठिपके पडले, एका रेषेत. हीच 180 ची आडवी रेघ. काच मशीनवर चढते, पाण्याच्या धारेखाली कड घासली जाते. फ्रेम गरम करून काच खाचेत बसली, की काका पुन्हा ठिपके बघतात.

हे बघणं म्हणजे हौस नव्हे. काच 15 अंश सरकली की सिलेंडरचा निम्मा उपयोग गेला. 30 अंशांवर तर घातली काय, न घातली काय. म्हणून गोल फ्रेम मागणाऱ्यांना काका आधी ऐकवतात: स्क्रू ढिला झाला, तर काच आतल्या आत फिरते आणि कळतही नाही. आणि फुटपाथवर तयार मिळतात त्या चष्म्यांत सिलेंडर नसतोच. तरी घेणारे घेतातच.

लहानपणी मोठा सिलेंडर चष्म्याविना राहिला, तर डोळा 'आळशी' होऊ शकतो, म्हणजे पुढे चष्मा लावूनही त्याला नीट दिसत नाही. शाळेत जाण्याआधी एकदा तपासून घ्या.

[समोरून. चष्मा.]
"बाळा, हनुवटी सरळ." कानामागची काडी थोडी वाकवली. पुन्हा काढला, पुन्हा घातला.

[सकाळ. राजवाडा.]
सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. परवापर्यंत तिला उभे खांब बरे दिसायचे, आडव्या कडा विरघळायच्या. आजोबा खाली बाकावर बसलेत, ती वर बघतेय.

[इथून निवेदन नाही. फक्त चौकाचा आवाज.]